जर, तर आणि पण

आमच्या ऑफिसात कुणी काही सांगायला तोंड उघडलं की अण्णा मान वर न करता नुसता हात वर करायचे, रस्त्यात उभं राहून एसटीला करतात तसा, आणि म्हणायचे, "मेल टाका." समोर कोण आहे हे बघायची गरज त्यांना वाटत नसे. मालक असोत, रंगखात्याचे मास्तर असोत, नाहीतर चहाचे ग्लास गोळा करणारी बाई असो. एकदा मी सांगायला गेले की अण्णा, तुमच्या खुर्चीखाली विंचू आहे. हात वर झालाच. मी म्हटलं, बरं, टाकते, आणि मुकाट्यानं माझ्या जागेवर येऊन बसले. 'विंचू' हा शब्द त्यांच्यापर्यंत जरा मागाहून पोचला असावा, कारण मी मेल लिहायला घेतला तेव्हा ते खुर्चीवर उभे होते.

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेल आणि चादरी. अण्णा निर्यात खात्याचे प्रमुख, आणि खातं म्हणजे ते, मी आणि एक सदा रुसलेला प्रिंटर. अण्णा हे काही त्यांचं नाव नव्हे. तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि सोलापुरात अण्णा अशी हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघतो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी रोज मोहोळहून यायची म्हणून मी "मोहोळ". "ओ मोहोळ, कंटेनरचं काय झालं बघा की." पहिल्या महिन्यात मला राग यायचा. माणसाला गावाच्या नावानं हाक मारतात का कधी? एकदा विचारलंच, तर म्हणाले, "नावं सारखी असतात. मागं हितं दोन सुनीता होत्या, लई घोटाळा झाला." मी काही सुनीता नव्हे, पण त्यांच्या लेखी मी एका कप्प्यात बसले होते आणि तिथून आता सुटका नव्हती.

कप्पे हा अण्णांचा जीव की प्राण. मेलच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. मेलात अमुक शब्द असला तर तो आपोआप तमुक कप्प्यात टाक, असा नियम आपण करून ठेवायचा, मग मशीन ते काम करत बसतं. आम्ही बाकीच्यांनी ती सोय कधी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. अण्णांनी तिच्यात संसार थाटला होता. ज्या मेलात 'अर्जंट' शब्द असेल तो 'उद्या' नावाच्या कप्प्यात. मी म्हटलं, अहो, खरंच घाई असली तर? म्हणाले, "खरी घाई असलेला माणूस काम लिहितो. घाई लिहीत बसत नाही." गिऱ्हाइकांच्या तक्रारी 'रडारड'मध्ये. मालकांच्या मेलात 'एक्सप्लेन' हा शब्द आला की तो 'डोकं थंड झाल्यावर' ह्या कप्प्यात. कुणी देवाची चित्रं पाठवली की ती 'देव्हाऱ्यात', आणि तो कप्पा अण्णा फक्त गुरुवारी उघडायचे, टेबलाखाली चपला काढून.

वॉचमन एकदा सुट्टी मागायला आला. मेल टाका. तो म्हणाला, माझ्याकडं मेल कुठला. अण्णांनी हातातलं काम बाजूला सारलं, त्याला शेजारी बसवलं, त्याच्या फोनवर खातं उघडून दिलं, अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं आणि सुट्टी मंजूर केली. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन त्यांना रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवू लागला. वर 'शुभ सकाळ'. मग अण्णांनी 'गुलाब' नावाचा कप्पा केला. त्यातलं एकही फूल त्यांनी पुसलं नाही. जागा भरते म्हणून मी कुरकुर केली तर म्हणाले, "माणूस रोज आठवणीनं पाठवतो, तुमचं काय जातंय?"

हे खूळ त्यांच्यात आलं कुठून, ते त्यांनी एकदा जेवताना सांगितलं. त्यांचे वडील मागावर होते. घरात सगळी पोरं सुताच्या कांड्या भरायची, आणि भरलेली कांडी रंगाप्रमाणे टोपलीत टाकायची. लाल असली तर ह्या टोपलीत, हिरवी असली तर त्या. चुकली तर अख्ख्या चादरीत भलताच पट्टा यायचा आणि पाठीत धपाटा. "तेव्हापासून बघा, जर आणि तर. जगात तिसरा शब्द लागत नाही, मोहोळ. 'पण' आला की घोटाळा आला. जर डब्यात शेंगांची चटणी, तर दही आणायचं. जर चटणी नाही, तर तुमच्या डब्यात हात घालायचा." आणि ते घालायचेही. माझ्या आईनं मग माझ्या डब्यात त्यांच्या वाटणीची एक भाकरी जास्तीची द्यायला सुरुवात केली. त्यांना तिनं कधी बघितलंही नव्हतं.

शोधणं हे त्यांच्या लेखी पाप. मेलच्या पेटीत शब्द टाकून शोधता येतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे, पण अण्णा त्या जागेला हात लावत नसत. "शोधलं म्हणजे हरवलं होतं असं कबूल केलं. माझ्याकडं काही हरवत नाही." आणि खरंच हरवत नसे हो. परदेशातल्या कुठल्या गिऱ्हाइकानं कधी काय रंग सांगितला होता ह्यावरून मालक तावातावानं आत यायचे, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत अण्णांनी तो कागद छापून त्यांच्या हातात ठेवलेला असायचा. तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी नंतर कुणाच्याही चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

डोक्यातही त्यांचे तसेच कप्पे होते. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, रंगखात्याच्या मास्तरांशी दखनी. घरून फोन आला तर उठून व्हरांड्यात जाऊन तेलुगू बोलायचे, दाराच्या आत पाऊल टाकलं की मराठी. "एकातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही," हे ते अभिमानानं सांगायचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता नानांचं सांगते. अण्णांच्या आधी त्या खुर्चीवर नाना होते. मोठा माणूस. गावोगावच्या दलालांना, एजंटांना आमचा कारखाना म्हणजे नाना एवढंच ठाऊक. ते रिटायर होऊन जेऊरला आपल्या गावी गेले, भावाच्या केळीत रमले, तरी लोकांचे मेल यायचे थांबेनात. प्रिय नाना, आदरणीय नाना, नाना तुम्ही विसरलात की काय. अण्णांनी नियम केला: मेलात 'नाना' असेल तर तो वेगळ्या कप्प्यात टाक, वाचलेला म्हणून खूण कर, म्हणजे आपल्याला त्याचा आकडा दिसत राहणार नाही, आणि एक प्रत जेऊरला नानांच्या फोनवर पाठव. "त्यांची माणसं आहेत. त्यांना कळू दे की." आता इंग्रजी अक्षरांत नाना लिहायचं म्हणजे लोक वाटेल तसं लिहितात. कुणी एक ए घालतो, कुणी दोन. एका दलालानं तर मध्ये दोन एन घातले होते. अण्णा पक्के. त्यांनी झाडून सगळी स्पेलिंगं नियमात घातली. दोन एनवालंसुद्धा.

कप्प्याला नाव दिलं 'नाना गेले'. रिटायर झाले ह्या अर्थी. शेजारच्या युनिटचे मॅनेजर एकदा चहाला आले, त्यांनी पडद्यावर ते वाचलं आणि ग्लास खाली ठेवून उभेच राहिले. "कधी गेले हो? कळवलं नाहीत." अण्णा टायपिंगमध्ये. "झालं की वर्ष." ते गृहस्थ डोळे पुसत बाहेर गेले. त्यांना खरं काय ते सांगायला मला फाटकापर्यंत पळावं लागलं.

अण्णांना एकच मुलगी. पुण्याला एका कंपनीत. हुशार, आणि बापासारखीच हट्टी. संक्रांतीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी आली होती तेव्हा जेवायला बसल्यावर तिनं सांगितलं की तिला लग्न करायचंय, पोरगा तिच्याच ऑफिसातला आहे, मोहोळ तालुक्यातला, शेतकऱ्याघरचा. म्हणजे जातीतला नाही, भाषेतलाही नाही. अण्णांचा हात वर झाला. ऑफिसातला हात, तो घरी. "तोंडी काही नाही. काय असेल ते लिहून पाठव."

हे सगळं मला अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, फोनवर सांगितलं. त्यांच्या घरात मेलशिवाय बोलू शकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मला मात्र त्या दिवशी सकाळीच काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं, कारण अण्णा मला "मोहोळ" म्हणाले नाहीत. "मॅडम" म्हणाले. त्या दिवसापासून मॅडम. मोहोळ काय मी वसवलंय? पण माझ्यावर राग नव्हताच तो. त्यांच्या तोंडातून तो शब्द निघत नव्हता एवढंच.

मुलगी पुण्याला गेली आणि इकडे आमचा विचित्र काळ सुरू झाला. अण्णा सकाळी आले की पंखा लावायच्या आधी पेटी उघडायचे. आणि नवेनवे नियम करत सुटले. बँकेचे मेल वेगळे, कुरिअरचे वेगळे, माझे वेगळे, मालकांचे तर आणखी तीन कप्प्यांत वाटले. कशाला एवढं, असं मला वाटायचं. मग एक दिवस त्यांच्या पडद्याकडे बघितलं तर पेटी कोरी. एक मेल नाही. अण्णा तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, "गर्दी नको. आली की लगेच दिसली पाहिजे." मला फार वाईट वाटलं. लिहून पाठव म्हणणाऱ्या माणसानं तिच्या एका मेलासाठी अख्खी पेटी झाडून ठेवली होती.

काकूंचा फोन यायचा. "बाई, ती म्हणते मी लिहिलंय. हे म्हणतात आलं नाही. ती म्हणते त्यांनी वाचलंय आणि उत्तर देत नाहीत. हे म्हणतात खोटं बोलते. दोघांनी मिळून घरात हापिस काढलंय, आणि मी मधल्या मध्ये शिपाई." मी अण्णांना म्हटलं, तिचं नाव टाकून एकदा शोधा की. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "शोधायचं म्हणजे माझी पेटी चुकली म्हणायचं."

"चुकत नाही का कधी?"

"पेटी चुकत नाही. माणसं पाठवत नाहीत."

मी चिडले. म्हटलं, मग फोन करा. बाप आहात ना? तर म्हणाले, "मी लिहायला सांगितलंय. आता फोन केला तर माझ्या शब्दाला काय किंमत?" ह्या माणसाला हलवावं की ह्याच्या पाया पडावं, मला कळेना. गणपतीत काकू रडत म्हणाल्या, आता पोरीनं शेवटचं सांगितलंय. दिवाळीपर्यंत उत्तर आलं नाही तर ते उत्तर 'नाही' असं समजेन, आणि मग सोलापूरला माझं काही उरलं नाही. अण्णांना हे कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी घेतली नाही.

दिवाळी तोंडावर आली. माल पाठवायची धांदल, त्यात प्रिंटर रुसलेला. आणि दुपारी फाटकावरून वॉचमनचा आवाज आला, "मेल केलाय का? मेलशिवाय अण्णा भेटत न्हाईत." त्यावर एक दांडगा म्हातारा आवाज, "अरं, मेल करूनच वैतागलोय. हो बाजूला." आणि नाना आत आले. जेऊरहून पॅसेंजरनं. डोक्यावर टोपी, हातात काठी, काखेत केळ्यांचा घड फडक्यात बांधलेला.

अण्णा उठून उभे राहिले. हात वर झाला नाही. नाना गेल्यानंतर त्या ऑफिसात इतका मान कुणालाच मिळाला नव्हता. "बसा की नाना. कळवलं असतं तर..."

"कळवलं असतं?" नाना खुर्चीत बसले आणि काठी टेबलावर आडवी ठेवली. "तुला लिवलं की माजंच लिवलेलं मला माघारी येतंय. फोन केला दोनदा, तर 'नाना, कामात हाय, मेल टाका' म्हनून तू ठिवला. म्हटलं आता सोता जाऊन बगावं, ह्यो मानूस माज्यावर का रुसलाय."

मला हसू आवरेना. नानांच्या फोनवर पुतण्यानं खाली आपोआप 'नाना, जेऊर' असं नाव पडायची सोय करून दिली होती. तेव्हा नाना जे काही लिहीत ते आमच्या नियमात सापडायचं, 'नाना गेले'मध्ये जायचं आणि त्याची प्रत सरळ जेऊरला परत. महिनोन् महिने म्हातारा आपलंच लिहिलेलं आपल्याला आलेलं वाचत होता. मी हे अण्णांना सांगू लागले, पण नानांनी मला थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे पोरी. ह्येला आधी मला एक इचारू दे." ते अण्णांकडे वळले. "तुजी पोरगी मला लगीन करू का म्हून इचारतीया. म्या काय सांगू तिला?"

अण्णांना कळलंच नाही. मलाही नाही. नानांनी खिशातून फोन काढला, लांब धरून बघितला आणि माझ्या हातात दिला. "वाच. माजा चष्मा घरी ऱ्हायला." आमच्याच पेटीतून त्यांना गेलेली प्रत होती. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. मी वाचलं. "नान्ना, तुम्ही लिहून पाठव म्हणालात म्हणून लिहिते."

नान्ना. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. एन, ए, दोन एन, ए. त्या दलालाचं स्पेलिंग.

अण्णा हळूहळू खुर्चीत बसले. "हा शब्द मी टाकलाय नियमात," ते म्हणाले. "माझ्या हातानं. नान्ना. जन्मभर घरात ऐकतोय, मोहोळ. हितं बसून टाइप करताना मला ओळखूच आला नाही." कितीतरी महिन्यांनी ते मला मोहोळ म्हणाले होते. ऑफिसात आले की ते मराठीत असायचे ना. घरचा शब्द ऑफिसाच्या दारात आला आणि त्यांनी त्याला दलालाच्या रांगेत उभं केलं.

त्यांनी 'नाना गेले' उघडला. तिथं दलालांच्या गर्दीत मुलीचे मेल होते. एक नव्हे, बरेच. पहिला मोठा, मग लहान लहान होत गेलेले. त्यांनी सगळे वाचले, एकेक, ओठ हलवत. मी खिडकीबाहेर बघत बसले. नाना केळी सोलून खात बसले, कारण त्यांना सकाळपासून काही मिळालं नव्हतं. मध्येच अण्णा म्हणाले, "सगळ्यांवर वाचलेलं अशी खूण आहे. मी तर वाचलंच नव्हतं." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आजही विसरलेले नाही. मुलीनं तिकडे बसून हेच मनाशी धरलं होतं, की नान्नांनी वाचलं आणि उत्तर दिलं नाही, आणि इथं मशीनही तेच सांगत होतं. शेवटच्या मेलात एकच ओळ होती: दिवाळीला येऊ की नको, एवढंच लिहा.

"आता बगत काय बसलास? फोन लाव की तिला," नाना म्हणाले.

"तिनं लिहून विचारलंय नाना," अण्णा म्हणाले. "लिहूनच दिलं पाहिजे."

आणि त्यांनी लिहायला घेतलं. ज्या माणसाची बोटं आमच्या डोळ्यांदेखत पानंच्या पानं बडवायची त्याला दोन शब्द लिहायला अर्धी दुपार लागली. लिहायचे, पुसायचे. मराठीत लिहिलं, पुसलं. शेवटी मी पडद्याकडे बघितलं तर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "रा अम्मा". तेलुगू लिपी त्यांना येत नव्हती, सोलापुरातल्या बऱ्याच तेलुगू लोकांना येत नाही. पण ऑफिसाच्या खुर्चीत बसून त्यांनी तेलुगू लिहिल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

"म्हणजे काय हो?"

"ये बाळ." त्यांनी बटण दाबलं. मग खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि नियमांचं पान उघडलं. उघडून नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोहोळ, ह्यात ते 'पण' कुठं असतं?"

नियमाच्या तळाला अपवाद घालायची जागा असते. जर अमुक, तर तमुक, पण हे सोडून. कोपऱ्यातलं साधं बटण. इतकी वर्षं नियम करणाऱ्या माणसानं ते कधी दाबलं नव्हतं. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ नेली आणि दाखवलं. त्यांनी तिथं मुलीचा पत्ता घातला, अक्षर अक्षर तपासून. नाना म्हणाले, "झालं का तुमचं? आता मला कुनी च्या पाजा."

उत्तर चहा यायच्या आत आलं. कोऱ्या पेटीत, सगळ्यात वर. काय होतं ते अण्णांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण ते उठून व्हरांड्यात गेले आणि काकूंना फोन लावून तेलुगूत बोलू लागले, आणि बोलता बोलता तसेच आत आले. दारातून आत पाऊल टाकलं तरी तेलुगू चालूच होतं.

दिवाळीत मुलगी आली. लग्न सोलापुरातच झालं. वऱ्हाड मोहोळचं म्हटल्यावर अण्णांनी मला वरपक्षात ढकललं. पंगतीत पाटाजवळ येऊन म्हणायचे, "ह्यांना आग्रह करा, मोहोळच्या आहेत, रुसतील." मुलगी आधी नानांच्या पाया पडली, मग अण्णांच्या. नाना सगळ्यांना सांगत सुटले होते, पोरीनं आधी मलाच इचारलं हुतं.

अण्णा रिटायर झाले तेव्हा ती खुर्ची माझ्याकडे आली, त्यांची पेटीही आली, पत्ता तोच. जाताना म्हणाले, "माझे नियम पुसा आणि तुमचे तुम्ही करा. ज्याचं त्याचं डोकं." मी एकही पुसला नाही. अजून मालकांच्या मेलात 'एक्सप्लेन' आला की तो डोकं थंड होईपर्यंत वाट बघतो, आणि ती पद्धत चांगली आहे. नाना पुढं खरेच गेले. आणि गेल्या वर्षी अण्णा. आजारपण लांबलं नाही, एवढंच बरं म्हणायचं. त्यांच्या वाटणीची भाकरी माझ्या डब्यात कधीच बंद झाली होती, तरी त्या दिवशी आईनं सवयीनं केल्यासारखी केली आणि मग तशीच टोपलीत ठेवून दिली.

काही दिवसांनी पेटीत मुलीचा मेल आला. पहिला शब्द तेवढा बाहेर दिसतो. नान्ना. मी घाबरले, वाटलं तिच्याकडून चुकून झालंय. तिला फोन केला. म्हटलं, अगं, हा पत्ता आता माझ्याकडे असतो. ती म्हणाली, "माहिती आहे ताई. मला तोच एक पाठ आहे." मग म्हणाली, "उघडू नका फक्त. न वाचलेलंच राहू द्या." मी कबूल केलं. तेव्हापासून येतात, कधी लागोपाठ, कधी महिना जातो. तिचा मुलगा शाळेत जायला लागला असेल, बदली झाली असेल, काहीतरी असेल. मी उघडत नाही. 'अण्णा गेले' असा कप्पाही मी केलेला नाही.

परवा कंपनीनं दोन पोरं धाडली, मेलची नवी व्यवस्था बसवायला. एक जण खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, मॅडम, जुने नियम नव्यात येत नाहीत, हवे ते परत करावे लागतील. मी म्हटलं, जाऊ द्या. 'उद्या' गेला, 'रडारड' गेली, 'देव्हारा' गेला. 'नाना गेले' गेला, आणि त्याच्या तळाचं 'पण'ही गेलं. नियमच नाही तिथं 'पण' कशाला लागतंय? मग तो पोरगा पेटीकडे वळला आणि वरचे ते ठळक अक्षरांतले मेल बघून थबकला.

"मॅडम, हे एकाच बाईंचे आहेत. कुणाला तरी नान्ना म्हणून. चुकून इकडे येतायत वाटतं. ह्यांच्यासाठी एक नियम करून टाकू का?"

माझा हात आपोआप वर गेला, एसटीला करतात तसा.

"चुकून येत नाहीत ते," मी म्हटलं. "लिहून पाठव म्हणाले होते तिला. ती पाठवते."